किचनची साफसफाई: कुठलं काम आधी, कुठलं नंतर आणि कुठे हमखास चुकतं

दिवसभर घासलं, कंबर मोडली आणि चौथ्या दिवशी ओट्यावर हात ठेवला तर परत चिकट. टाइल्स पुसल्या तर नुसते ओघळ दिसतात. झुरळं तर साफसफाईनंतर उलट जास्तच फिरायला लागली. मुंबईत कुणाही घरी विचारा, हेच ऐकायला मिळतं, आणि बहुतेक वेळा मेहनत कमी पडलेली नसते, कामांचा क्रम चुकलेला असतो. लोक आधी ओटा चकाचक करतात आणि मग एक्झॉस्ट फॅनला हात घालतात, त्याचा काळा राप ओट्यावर गळतो की ओटा परत पहिल्यापासून. धूळ काढायच्या आधीच ओलं फडकं फिरवतात, मग तेल आणि धुळीचा चिखल होऊन तो टाइल्सच्या रेघांमध्ये बसतो. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेवटी सगळं ओलंच सोडून देतात. आपल्याकडच्या दमट हवेत ओलं किचन आपोआप वाळत नाही, त्या ओलीवर रात्रीतून परत धूळ चिकटते, फळ्या फुगतात, कुबट वास येतो आणि झुरळांना प्यायला पाणी मिळतं.

म्हणून आधी चार गोष्टी डोक्यात बसवा: कोरडं काम आधी, ओलं नंतर. वरून सुरुवात, खाली शेवट. आधी भिजवायचं, मग घासायचं. आणि शेवटी पुसून पूर्ण वाळवायचं. खालचं सगळं ह्याच क्रमाने आहे. वन बीएचकेच्या किचनला अर्धा दिवस धरा, तेवढा सलग वेळ नसेल तर वरचा भाग आज आणि ओटा-सिंक-लादी उद्या असं करा, पण क्रम उलटा करू नका.

०. आदल्या दिवशीची तयारी

भाजी, मासळी, किराणा आणायच्या दिवशी साफसफाई काढू नका. फ्रीज जेवढा रिकामा तेवढं बरं, उरलेल्या भाज्या-आमट्या आदल्या रात्री संपवा.

पाण्याचा हिशोब करा. तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर त्या वेळेतच दोन बादल्या आणि एक टब वेगळा भरून ठेवा. अर्धं काम झाल्यावर टाकी संपली तर साबण तसाच वाळतो आणि तो काढायला दुप्पट पाणी लागतं.

सामान: भांडी घासायचं लिक्विड, धुण्याचा सोडा (खायचा नाही, कपड्यांसाठी मिळतो तो), एक मऊ ब्रश, दोन जुने टूथब्रश, जुनी सुती फडकी किंवा बनियन सात-आठ, रबरी हातमोजे, टॉर्च, कचऱ्याच्या पिशव्या. एवढ्यात काम होतं. महागडे स्प्रे आणून ठेवायची गरज नाही, तेलकट रापावर गरम पाणी, साबण आणि वेळ ह्या तीन गोष्टीच काम करतात.

गरम पाणी सुरुवातीलाच मोठ्या पातेल्यात तापवून घ्या, कारण त्याच्यानंतर गॅस बंद करायचाय. सिलेंडर असेल तर रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर शेगडीच्या आधीचा कॉक बंद. फ्रीज सोडून मिक्सरसकट बाकी सगळे प्लग काढा आणि एक्झॉस्ट फॅनचं नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लगही काढा. प्लग हाताला येत नसेल तर त्या लाइनचा एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा लाइन बंद करायचा खटका) पाडा.

⚠️ सावधान: कपड्यांचं ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर, किंवा ब्लीच आणि व्हिनेगर, कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकाच जागी पण ओतू नका. त्यातून क्लोरीन गॅस निघतो. मुंबईच्या किचनला एकच छोटी खिडकी असते, कधी ती पण डक्टमध्ये उघडणारी, तिथे हा गॅस छातीत बसतो. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड पण ब्लीचबरोबर नको.

१. रिकामं करा, पण सगळं एकदम नाही

सगळी भांडी हॉलमध्ये आणून ढीग मारला की संध्याकाळी थकल्यावर ती तशीच आत कोंबली जातात. आधी माळ्यावरचं आणि वरच्या कपाटातलं काढा, ते झालं की खालच्या ट्रॉल्या. डबे काढताना प्रत्येक डब्याचा तळ बघा, तेलाच्या बरणीखालची ती चिकट गोल रिंग डब्यालाही लागलेली असते आणि धुतलेल्या फळीवर परत उमटते.

ह्याच वेळी फेकायच्या गोष्टी: खोके, जुने पेपर, ट्रॉलीत अंथरलेला कागद, सिंकखालचा प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा. झुरळांना पुठ्ठा आणि कागदाच्या घड्या फार आवडतात. मिक्सरचा बॉक्स पुढेमागे लागेल म्हणून माळ्यावर ठेवलेला असतो, त्याच्यातच अख्खं कुटुंब राहत असतं. वॉरंटी कार्ड काढून घ्या आणि बॉक्स टाका.

✅ तपासा: टॉर्च घेऊन बिजागऱ्या, ट्रॉलीचे चॅनल, फ्रीजच्या मागची बाजू आणि शेगडीचा तळ बघा. मिरपुडीसारखे काळे ठिपके (झुरळांची विष्ठा) किंवा तपकिरी कॅप्सूल (त्यांचे अंडीकोश) दिसल्या तर ती जागा लक्षात ठेवा, शेवटी तिथेच झुरळं मारायचं जेल लावायचंय.

२. कोरडी सफाई

ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात असं मला वाटतं, आणि पुढची सगळी मेहनत इथेच वाया जाते. पाण्याला हात लावायच्या आधी जळमटं, पंख्याच्या पात्यांवरची मोकळी धूळ, कपाटांच्या डोक्यावरचा केर, ट्रॉलीतले रव्या-पिठाचे कण, टोस्टरखालचा चुरा, सगळं कोरड्या ब्रशने खाली पाडून सुपलीत घ्या. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फारच छान, चॅनलच्या फटीत ब्रश जात नाही तिथे तो जातो. पीठ सांडलेल्या जागी पाणी लागलं की त्याची खळ होते आणि ती वाळली की खरवडावी लागते.

३. आधी भिजत घाला

आता अर्धी बादली कडक गरम पाणी, त्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं लिक्विड. ह्यात शेगडीचे स्टीलचे स्टँड, बर्नरखालच्या थाळ्या, चिमणीचे स्टीलचे बॅफल (पट्ट्यांचे) फिल्टर टाका आणि निदान अर्धा तास विसरा. तेलाचे शिंतोडे उष्णतेने आणि हवेने कडक होतात, वॉर्निशसारखा थर बनतो, तो जोर लावून निघत नाही, सोडा आणि उष्णता त्याला सैल करतात. लगेच तारेची घासणी घेऊन बसणारे स्टीलला चरे पाडतात आणि पुढच्या वेळी राप त्या चऱ्यांमध्येच आणखी घट्ट बसतो.

⚠️ सावधान: अॅल्युमिनियम सोड्याच्या पाण्यात टाकू नका, काळं पडतं. बऱ्याच चिमण्यांचे जाळीवाले फिल्टर अॅल्युमिनियमचे असतात, काही कढया आणि कुकरही. ते फक्त गरम पाणी आणि लिक्विडमध्ये. सोड्याला हात लावताना मोजे घाला.

पितळी बर्नर वेगळ्या वाडग्यात, गरम पाणी, लिक्विड आणि थोडी चिंच किंवा लिंबू. वीस मिनिटं पुरेत. मग टूथब्रशने घासा, बंद झालेली भोकं सेफ्टी पिनने हलकेच मोकळी करा, टूथपिक वापरू नका, आत तुटून अडकते. नंतर बर्नर उलटे करून आपटा, पुसा आणि उन्हात किंवा पंख्याखाली ठेवा. ओला बर्नर लावला की ज्योत भडभडते, पिवळी होते आणि लोकांना वाटतं शेगडी बिघडली.

४. वरचा भाग: फॅन, कपाटं, टाइल्स

सगळं भिजतंय तोवर वर चढा. स्टूल डगमगतं असेल तर घरातल्या कुणालातरी धरायला उभं करा, खुर्चीवर पाट ठेवून चढायचे प्रकार नकोत.

एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर साबणाच्या गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं तसंच ठेवा, मग ओढून काढा, अर्धा राप फडक्याबरोबरच येतो. मोटरवर पाणी मारू नका, स्प्रेसुद्धा नको. खाली ओट्यावर जुना पेपर पसरा म्हणजे गळलेलं काळं पाणी तिथेच जिरेल.

कपाटं प्लायची असतात, वरून लॅमिनेट. त्याच्यावर पाणी ओतायचं नाही, घट्ट पिळलेलं फडकं फिरवायचं आणि लगेच कोरड्याने पुसायचं. कडांमधून पाणी आत गेलं की प्लाय फुगतं आणि ते परत बसत नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही. हँडलच्या खालची बाजू विसरू नका, तिथेच पिठाचे आणि तेलाचे हात लागतात.

टाइल्सवर साबणाचं गरम पाणी फडक्याने लावा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ह्या थांबण्यात सगळी गंमत आहे. मग मऊ घासणी, मग स्वच्छ पाण्याचं फडकं, मग कोरडं. चार वेळा हात फिरतो पण जोर एकदाही लागत नाही. साबण नीट काढला नाही तर त्याचाच पातळ थर राहतो आणि त्याच्यावर धूळ आणखी पटकन बसते, टाइल्सवर ओघळ दिसतात ते हेच. रेघांमधल्या काळ्या पट्ट्यांवर खायच्या सोड्याची पेस्ट लावून टूथब्रशने घासा.

सोड्यात व्हिनेगर ओतून फसफस करायचे व्हिडिओ खूप फिरतात. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, फेस बसला की मागे जवळजवळ खारट पाणीच राहतं. सोडा घासायला वापरा, व्हिनेगर नळावरच्या क्षाराच्या पांढऱ्या डागांवर वापरा, पण दोन्ही वेगवेगळे.

✅ तपासा: टाइल पूर्ण कोरडी झाल्यावर त्याच्यावर उघडं बोट ओढा. बोट सरकत नसून अडखळत असेल तर चिकटा अजून आहे.

५. फ्रीज

इथे फार वेळ घालवू नका. बंद करा, एकेक कप्पा काढून कोमट पाण्याने धुवा (थंडगार काचेवर एकदम कडक पाणी नको, तडकते), दाराच्या रबराच्या घड्या टूथब्रशने साफ करा आणि कोरड्या करा, काळी बुरशी तिथेच धरते. मागे पाण्याचा ट्रे असेल तर तो काढून धुवा, झुरळांची ती आवडती जागा आहे. आतलं तापमान ५ अंशाच्या खाली असायला हवं.

६. ओटा आणि शेगडी

आधी तुमचा ओटा कशाचा आहे ते ओळखा. ग्रॅनाइट असेल तर बऱ्यापैकी सगळं चालतं. कडप्पा किंवा मार्बल असेल तर लिंबू, व्हिनेगर, अॅसिड काहीही नको, हे दगड चुन्याच्या जातीचे आहेत, आम्लाने पॉलिश खाल्लं जातं आणि पांढरट डाग पडतो, तो घासून जात नाही. जुन्या चाळी आणि म्हाडाच्या इमारतींमध्ये मांडणीच्या फळ्या पण कडप्प्याच्याच असतात, तिथे फक्त साबणाचं पाणी.

शेगडी उचलून बाजूला घ्या. नुसती पुढची बाजू पुसून चालत नाही, खाली सांडलेलं दूध आणि डाळ जळून बसलेली असते. उचलताना नळी ओढली जाणार नाही ना ते बघा. नळीवर हात फिरवून चिरा, कडकपणा बघून घ्या, तिच्यावर तारीख छापलेली असते, सिलेंडरची नारिंगी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते.

सगळं लावल्यावर गॅस चालू करून जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे वाढायला लागले तर लगेच बंद करा आणि गॅसवाल्याला बोलवा. काडी पेटवून गळती बघायची नाही, कधीच नाही. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली लादीलगत साचतो, त्यामुळे वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, खिडक्या-दारं उघडा.

✅ तपासा: ज्योत निळी आणि सगळीकडून सारखी यायला हवी. एका बाजूला पिवळी असेल तर तिथलं भोक अजून बंद आहे किंवा बर्नर ओला आहे.

७. सिंक आणि खालचा पाइप

सिंक शेवटून दुसरं, कारण आत्तापर्यंतचं सगळं घाण पाणी त्याच्यातच ओतलंय.

आधी जाळीतलं खरकटं हाताने काढून ओल्या कचऱ्यात. चमच्याने ढोसून खाली ढकलणारे खूप जण आहेत, भात आणि चहाचा चोथा पाइपच्या वळणात जाऊन बसतात, त्याच्यावर तूप-तेल थिजतं आणि मग एक दिवस पाणी वर येतं. तेल कधीच सिंकमध्ये ओतू नका. कढईतला तेलाचा हात कागदाने पुसून काढा, मग घासा.

पाणी हळू जात असेल तर लगेच अॅसिड आणू नका. सिंकखाली बाटलीसारखा प्लास्टिकचा ट्रॅप असतो. खाली बादली ठेवा, तळाचं झाकण हाताने फिरवून उघडा, आतला गाळ बादलीत पडू दे, झाकण आणि रबरी वॉशर ब्रशने धुवा आणि वॉशर सरळ बसवून परत लावा. दहा मिनिटांचं काम आहे आणि प्लंबर लागत नाही. नंतर नळ सोडून सांध्याखाली कोरडा कागद धरा, ओला झाला तर वॉशर वाकडा बसलाय. गरम पाणी ओता पण उकळतं नको, प्लास्टिकचे पाइप आणि सांधे त्याने मऊ पडतात.

मासळीचं वेगळं सांगायलाच हवं. बोंबील, बांगडा, कोळंबी साफ केल्यावर लोक पहिल्यांदा गरम पाणी मारतात आणि मग वास दोन दिवस जात नाही. गरम पाण्याने प्रोटीन शिजून सिंकला चिकटतं. आधी थंड पाणी, मग साबण, मग गरम पाणी आणि शेवटी स्टीलच्या सिंकवर लिंबाची फोड. मासळीचा वास ज्या रसायनांचा असतो ती आम्लाने मरतात म्हणून लिंबू काम करतं. अंड्याच्या आणि बेसनाच्या भांड्यांना पण हेच, थंड पाणी आधी. खवले, डोकी, कोळंबीची सालं पिशवीत गाठ मारून, आणि कचरा सकाळी जात असेल तर रात्रभर ती पिशवी फ्रीझरमध्ये ठेवली तरी चालते.

चिकन नळाच्या धारेखाली धुवू नका, शिंतोडे बाजूच्या धुतलेल्या भांड्यांवर उडतात. नंतर सिंक आणि सुरी-बोर्ड आधी साबणाने धुवायचे, मग हवं तर पातळ ब्लीचचं पाणी, ४ लिटरला एक मोठा चमचा, दोन मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. घाणीवर डायरेक्ट ब्लीच ओतून उपयोग नाही, घाणच त्याला खाऊन टाकते. आणि लिंबू लावलंय त्या दिवशी ब्लीच नको.

नहाणी ट्रॅप (लादीवरचं पाणी जायची जाळी) किंवा ड्राय बाल्कनीतली जाळी बरेच दिवस वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. आतलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि मोठी लाल झुरळं सरळ वर येतात.

८. लादी

फ्रीज, सिलेंडरची ट्रॉली, कांदे-बटाट्याची टोपली सरकवून खाली झाडा, मग पुसा. साबणाच्या पाण्याने एकदा, साध्या पाण्याने एकदा. आतल्या कोपऱ्यातून दाराकडे या.

९. वाळवा, आणि मगच सामान आत

सगळे दरवाजे आणि ट्रॉल्या उघड्या ठेवा, पंखा फुल, निदान दोन तास. जून ते सप्टेंबरमध्ये जास्त वेळ द्या, टेबल फॅन खालच्या कपाटाकडे वळवा. फळीला हात लावल्यावर गार आणि दमट लागली तर अजून थांबा. ओल्या फळीवर ठेवलेले स्टीलचे डबे खालून गंजाची रिंग सोडतात आणि रवा, मीठ सगळं सादळतं.

झुरळांसाठी जेल लावायचं ते आत्ता, साफसफाईच्या आधी नाही, नाहीतर पुसून जातं. मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, टॉर्चने पाहून ठेवलेल्या जागी, बिजागऱ्यांच्या मागे, चॅनलच्या शेवटी. मोठे गोळे नकोत. लहान मुलं आणि मांजर-कुत्रं पोचणार नाही असं बघा. आणि जेल लावलंय तिथे स्प्रे मारू नका, त्याच्या वासाने झुरळं जेलपर्यंत येतच नाहीत. किचनमधल्या छोट्या तपकिरी झुरळांच्या एका अंडीकोशात ३० ते ४० पिल्लं असतात, त्यामुळे आठवड्याने सगळं शांत झालं तरी तीन-चार आठवड्यांनी दुसरा हात द्यावाच लागतो. सफाईनंतर पहिले काही दिवस जास्त झुरळं दिसली तर घाबरू नका, त्यांची घरं मोडलीत म्हणून ती बाहेर पडलीत.

१०. रोज रात्री, ह्याच क्रमाने

भांडी, मग शेगडी, मग ओटा, मग सिंक, मग ओला कचरा बांधून झाकण लावणं, शेवटी सगळं कोरडं पुसणं. पंधरा मिनिटं लागतात. रात्री सिंकमध्ये पाणी घालून भांडी भिजत ठेवायची सवय मोडा, मावशी सकाळी येणार असतील तरी निदान खरकटं काढून, विसळून, कोरडी रचून ठेवा.

फडकी तीन वेगळी: ओट्याचं, भांडी पुसायचं, लादीचं. रंग वेगळे घ्या म्हणजे कुणी विचारायला नको. रोज साबणाने धुऊन पसरून वाळत घाला, नळावर गुंडाळी करून टाकलेलं फडकं पावसाळ्यात दुपारपर्यंत वास मारायला लागतं आणि त्याच फडक्याने ओटा पुसला की वास ओट्याला. घासणीचा स्पंज दोन-तीन आठवड्यांत बदला, जुन्याचा एक कोपरा कापा आणि तो फक्त सिंकसाठी ठेवा.

घरकामाच्या मावशींकडून करून घेत असाल तर त्यांना "किचन नीट करा" एवढंच सांगून बाहेर जाऊ नका. पहिल्या वेळी बरोबर उभे राहा, कशाला किती वेळ भिजवायचं ते दाखवा, हातमोजे द्या, अॅसिडच्या बाटल्या त्यांच्या हातात देऊ नका, आणि एवढ्या मोठ्या कामाचे पैसे महिन्याच्या पगाराच्या वर वेगळे द्या.